भागीदारीची वही आणि मालकाचा डोळा

‘मुंबई हाय’च्या तेलाचा शोध १९७४ साली लागला आणि १९७६च्या मे महिन्यात ते प्रत्यक्ष वर येऊ लागले. ‘सागर सम्राट’ या जहाजाचे नाव त्या काळी महाराष्ट्रातील शाळकरी मुलांनाही ठाऊक झाले होते. त्या शोधाला आता अर्धशतक उलटले आहे. वय झालेल्या विहिरींचे उत्पन्न घटते, हा निसर्गनियम मुंबई हायलाही चुकलेला नाही. ही घसरण रोखण्यासाठी तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने, म्हणजे ओएनजीसीने, २०२५च्या आरंभी बीपी या ब्रिटिश कंपनीला तांत्रिक साहाय्यासाठी पाचारण केले. करार दहा वर्षांचा आहे. पहिली दोन वर्षे या कंपनीला ठराविक मोबदला मिळेल आणि त्यानंतर जे वाढीव उत्पादन होईल त्याच्या उत्पन्नातील काही हिस्सा मिळेल. उत्पादन किती वाढणार याची चर्चा वृत्तपत्रांतून पुष्कळ झाली. ‘वाढीव’ म्हणजे नेमके कशापेक्षा वाढीव, ते कोण मोजणार आणि कोणाच्या वहीत लिहिणार, या प्रश्नांकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

वास्तविक संयुक्त उपक्रमाचा सारा मामला या प्रश्नांवरच अवलंबून असतो. समुद्रातील तेल कोणा एका कंपनीच्या मालकीचे नाही. राज्यघटनेच्या २९७व्या कलमानुसार सागरी क्षेत्रातील खनिजसंपत्ती केंद्र सरकारकडे निहित आहे. म्हणजेच तिचा खरा मालक या देशाचा नागरिक आहे. कंपन्या ती काढून देतात, त्यासाठी पैसा व जोखीम पत्करतात आणि मोबदल्यात आपला वाटा घेतात. हा वाटा किती असावा हे करारात लिहिलेले असते. परंतु करारातील टक्केवारी आणि प्रत्यक्ष हाती पडणारा पैसा यांच्या मधोमध हिशेबाची वही असते. ही वही आता कागदाची राहिलेली नाही. ती संगणकात गेली आहे आणि सामान्य नागरिकाला तिचे नावही ठाऊक नाही.

तानसा-खर्डीच्या शिक्षकाने किंवा मुरबाडच्या पंचायत समितीतील लेखनिकाने या दूरच्या विषयात का लक्ष घालावे, असे कोणी विचारील. एक कारण उघड आहे. समृद्धी महामार्गाच्या कडेने मुंबईहून नागपूरकडे जाणारी वायुवाहिनी शहापूर तालुक्याच्याच भूमीतून जाते आणि या भागातील घरोघरीच्या सिलिंडरचा भाव तेलाच्या अर्थकारणाशी बांधलेला आहे. दुसरे कारण अधिक खोल आहे. आपली संपत्ती दुसऱ्याच्या वहीत मोजली जाते तेव्हा काय होते, याचा अनुभव या दोन तालुक्यांइतका फार थोड्या प्रदेशांनी घेतला असेल.

खळ्यावरची वाटणी

तेलाच्या भागीदारीचे गणित समजून घ्यायला भाताच्या खळ्यावर जावे. शेत एकाचे आणि कसणारा दुसरा, अशी अर्धेलीची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. आता वाटणी दोन तऱ्हांनी होऊ शकते. खळ्यावर रास पडली की सरळ तिचे दोन भाग करावेत, ही एक तऱ्हा. दुसऱ्या तऱ्हेत आधी बियाणे, नांगरट, लावणी, कापणी यांचा खर्च राशीतून वजा होतो आणि उरलेल्या धान्याचे भाग पडतात. दुसरी तऱ्हा वरकरणी अधिक न्याय्य दिसते, कारण ज्याने खर्च केला त्याला तो आधी परत मिळतो. पण खर्चाचा आकडा सांगणारा आणि वाटा घेणारा एकच असेल, तर रास मोजण्यापेक्षा खर्च तपासणे अधिक महत्त्वाचे ठरते.

भारताने १९९०नंतरच्या काळात तेलक्षेत्रांसाठी जे उत्पादन-वाटणी करार केले, ते या दुसऱ्या तऱ्हेचे होते. उत्पन्नातून कंपन्यांनी आधी आपला खर्च वसूल करायचा आणि उरलेल्या नफ्यातील तेलाची सरकार व कंपन्या यांच्यात वाटणी व्हायची. शिवाय सरकारचा वाटा कायम एकच नव्हता. कंपन्यांना गुंतवणुकीच्या किती पट परतावा मिळाला यावर तो पायरीपायरीने वाढत जायचा. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखाद्या क्षेत्राचे उत्पन्न १०० रुपये, खर्च ४० रुपये आणि सरकारचा वाटा ३० टक्के असेल, तर सरकारला ६० रुपयांचे ३० टक्के, म्हणजे १८ रुपये मिळतात. खर्च ५० रुपये लिहिला गेला तर उरलेल्या ५० रुपयांवर सरकारला १५ रुपये मिळतील. आणि खर्च वाढल्यामुळे परताव्याची पट खाली येऊन सरकारचा वाटा २० टक्क्यांच्या पायरीवरच राहिला, तर हातात केवळ १० रुपये पडतील. खर्चाच्या रकान्यात १० रुपये वाढले आणि सरकारचे उत्पन्न जवळजवळ निम्मे झाले! यात कोणी खोटेपणा केला असेलच असे नाही. खर्च खराही असू शकतो. परंतु तो तपासणारा डोळा किती जागा असला पाहिजे, हे यावरून कळावे.

संगणकातील कीर्द-खतावणी

आता हा हिशेब प्रत्यक्ष ठेवतात कसा ते पाहू. एका क्षेत्रात तीन-चार कंपन्या भागीदार असतात. त्यांपैकी एक चालक कंपनी म्हणून काम पाहते. जहाज भाड्याने घेणे, विहीर खोदणे, पगार देणे ही सारी देणी आधी ती देते. पुढील महिन्याच्या अपेक्षित खर्चासाठी ती भागीदारांकडून आगाऊ रकमा मागवते. महिनाअखेर प्रत्येक खर्च ज्याच्या त्याच्या टक्केवारीप्रमाणे वाटला जातो आणि प्रत्येक भागीदाराला त्याच्या नावाचे बिल जाते. मोठा खर्च करायचा तर आधी त्याचा मंजुरी-कागद सर्वांकडून संमत करून घ्यावा लागतो. एखाद्या भागीदाराने अमुक विहिरीत पैसा घालण्यास नकार दिला, तर त्या विहिरीपुरती वाटणीची टक्केवारी निराळी होते. चालक कंपनीच्या मुख्य कचेरीचा खर्च किती प्रमाणात उपक्रमावर टाकावा, एकाच जहाजाने दोन क्षेत्रांत काम केले तर भाडे कसे विभागावे, गोदामात उरलेल्या जुन्या नळांची किंमत काय धरावी, अशा शेकडो प्रश्नांची उत्तरे रोज द्यावी लागतात. अमेरिकेत या हिशेबाचे नियम ठरवण्यासाठी तेल-लेखापालांच्या संघटनांची एक परिषद १९६१पासून काम करते आहे. यावरून या विद्येचा व्याप लक्षात यावा.

हे काम माणसाच्या हाताने आवरणारे नव्हते, म्हणून त्यासाठी संगणक-प्रणाली तयार झाल्या. जर्मनीतील सॅप या कंपनीच्या उद्योग-व्यवस्थापनाच्या प्रणालीत तेलाच्या संयुक्त उपक्रमांच्या हिशेबाचा स्वतंत्र विभागच आहे. जगातील अनेक मोठ्या तेल कंपन्या तो वापरतात. ओएनजीसीनेही या शतकाच्या पहिल्या दशकात आपला सारा कारभार सॅपच्या प्रणालीवर नेला. अशा प्रणालीत प्रत्येक पावतीवर उपक्रमाचे नाव, विहिरीचा क्रमांक, भागीदारांच्या गटाची खूण आणि हा खर्च भागीदारांकडून वसूल करण्याजोगा आहे की नाही याची खूण नोंदवावी लागते. महिन्याच्या अखेरीस यंत्राला आज्ञा दिली की लाखो नोंदी आपापल्या वाट्यांत विभागल्या जातात. जे काम पूर्वी लेखनिकांची फौज आठवडेच्या आठवडे करीत असे, ते आता एका रात्रीत होते.

शाळेच्या किंवा कचेरीच्या जमाखर्चाशी ज्याचा संबंध आला आहे त्याच्या ध्यानात एक गोष्ट चटकन येईल. यंत्र बेरीज चुकत नाही, परंतु पावती कोणत्या शीर्षाखाली टाकायची हे ते ठरवत नाही. ते माणूस ठरवतो. ‘वसूल करण्याजोगा’ या खुणेऐवजी ‘वसूल न करण्याजोगा’ ही खूण पडली, एवढ्यावर कोट्यवधी रुपयांचा फरक पडतो. प्रणाली शिस्त आणते, माग ठेवते, कोणी केव्हा कोणती नोंद बदलली हेही दाखवते. मात्र हा माग पाहण्याची मुभा कोणाला, हा प्रश्न प्रणाली सोडवत नाही. तो कराराचा आणि अखेर राज्यकर्त्यांच्या इच्छाशक्तीचा प्रश्न आहे.

तेल आणि वायूच्या मोजमापाचेही तसेच. अनेक विहिरींचे तेल-वायू एका फलाटावर एकत्र येतात, एकाच नळातून किनाऱ्याकडे जातात. शेवटच्या मीटरवर मोजलेला आकडा मग मागे जाऊन निरनिराळ्या विहिरींना वाटून दिला जातो. त्यासाठी अधूनमधून केलेल्या विहिरींच्या चाचण्यांचा आधार घेतात. म्हणजे विहिरीच्या नावावर लिहिलेला आकडा पुष्कळदा मोजलेला नसून काढलेला असतो. रोजगार हमीच्या कामावर ज्यांनी माती उपसली आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. खड्डा मजुराने खणायचा आणि त्याचे माप अभियंत्याच्या मोजमाप-पुस्तिकेत लिहिले जायचे. मजुरी खड्ड्यावर नव्हे, त्या पुस्तिकेवर ठरायची. म्हणून तर आपल्या भागातील कष्टकरी संघटनांनी हजेरीपट आणि मापे लोकांसमोर वाचून दाखवण्याचा आग्रह धरला.

पन्ना-मुक्ताचा धडा

या साऱ्याचे सर्वांत जवळचे उदाहरण मुंबईच्याच समुद्रात घडलेले आहे. पन्ना, मुक्ता आणि ताप्ती ही क्षेत्रे ओएनजीसीने शोधलेली. २२ डिसेंबर १९९४ रोजी झालेल्या करारांन्वये ती एका संयुक्त उपक्रमाच्या हवाली करण्यात आली. ओएनजीसीचा वाटा ४० टक्के, रिलायन्सचा ३० टक्के आणि एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा ३० टक्के. मुदत २५ वर्षांची. चालक कंपनी होती एन्रॉन!

दाभोळच्या वीज प्रकल्पामुळे एन्रॉनचे नाव महाराष्ट्राच्या परिचयाचे आहेच. २००१च्या डिसेंबरात ही कंपनी दिवाळखोरीत गेली आणि तिने आपली कर्जे दुय्यम संस्थांच्या वह्यांत दडवून ठेवली होती हे जगासमोर आले. तिची लेखापरीक्षण करणारी आर्थर अँडरसन ही नामांकित पेढीही त्या वादळात नामशेष झाली. पन्ना-मुक्ताच्या हिशेबात तिने काही गैर केले असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. परंतु ज्या कंपनीचे नाव पुढे खोट्या वह्यांचे प्रतीक बनले, तिच्याच हाती आपल्या समुद्रातील एका मोठ्या संयुक्त उपक्रमाची वही सात वर्षे होती, ही वस्तुस्थिती आहे. विश्वास ठेवणे हे लेखापरीक्षणाला पर्याय होऊ शकत नाही, हे सांगायला याहून दुसरे उदाहरण नको. २००२ साली एन्रॉनचा वाटा बीजी या ब्रिटिश कंपनीने घेतला आणि पुढे तिन्ही भागीदार संयुक्तपणे क्षेत्र चालवू लागले. २०१६ साली बीजीही शेल कंपनीत विलीन झाली.

खरा झगडा मात्र खर्चवसुलीवरून झाला. करारात ताप्तीसाठी ५४.५ कोटी डॉलर आणि पन्ना-मुक्तासाठी ५७.७५ कोटी डॉलर अशी विकास-खर्चाच्या वसुलीची मर्यादा होती. कंपन्यांचे म्हणणे, विकासाला प्रत्यक्षात याहून अधिक खर्च आला, तो मान्य व्हावा. सरकारचे म्हणणे, मर्यादा ती मर्यादा. त्याखेरीज स्वामित्वधन आणि करांच्या आकारणीचेही वाद होते. डिसेंबर २०१० मध्ये रिलायन्स व बीजी यांनी सरकारविरुद्ध लवादाचा मार्ग धरला. लवादाचे स्थान लंडन होते. भारतीय कायद्याचा पहिला भाग या लवादाला लागू होतो की नाही, हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तो लागू होत नाही असा निर्णय न्यायालयाने २०१४ साली दिला. ऑक्टोबर २०१६ मध्ये लवादाने अंशतः अंतिम निवाडा दिला. त्याचा आपल्या परीने अर्थ लावून सरकारने तिघा भागीदारांकडे मिळून सुमारे ३८० कोटी डॉलरची मागणी केली. त्यानंतर प्रकरण पुन्हा लंडनच्या न्यायालयांत फिरत राहिले. २१ डिसेंबर २०१९ रोजी कराराची मुदत संपली, पन्ना-मुक्ता ओएनजीसीकडे परत आले. पण वाद संपला नव्हता.

या प्रकरणातील विसंगती पाहण्यासारखी आहे. तीन भागीदारांची वही एक. त्यांपैकी दोघे सरकारशी भांडतात, तिसरा स्वतः सरकारी कंपनी असल्याने भांडणात पक्षकार नाही. तरी निवाड्याच्या आधारे त्याच्याकडूनही त्याच्या ४० टक्क्यांची मागणी होते. ओएनजीसी भागीदार म्हणून रोज त्याच खोलीत बसत असताना मालक असलेल्या सरकारला मात्र वहीतील खर्चाचा प्रश्न परदेशी लवादापुढे सोडवावा लागतो. भागीदाराचा डोळा आणि मालकाचा डोळा या निराळ्या गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट व्हावे. भागीदाराचा खर्चही वसूल व्हायचाच असतो.

पळवाट की सुधारणा?

नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०११ साली संसदेपुढे ठेवलेल्या अहवालात पन्ना-मुक्ता व ताप्तीसह कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील डी-६ या क्षेत्राचाही परामर्श घेतला होता. डी-६चा विकास-खर्च २००४च्या आराखड्यात सुमारे २४० कोटी डॉलर होता. २००६च्या सुधारित आराखड्यात पहिल्या टप्प्यासाठीच तो ५२० कोटी डॉलरवर गेला. हे करार खासगी कंपन्यांना खर्च वाढवण्याचे प्रलोभन देतात आणि तो रोखण्याची प्रेरणा देत नाहीत, हा त्या अहवालातील टीकेचा गाभा होता. हायड्रोकार्बन महासंचालनालय १९९३ साली स्थापन झाले खरे. पण देशभरातील करारांचे आराखडे, खर्च आणि मोजमापे यांवर लक्ष ठेवण्याचा भार त्याच्या बळाच्या मानाने फार मोठा होता.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. समुद्रतळाखालची रचना कागदावर दिसते तशी निघेलच असे नसते. पोलादाचे व जहाजांचे भाव जगाच्या बाजारात ठरतात. १९९४ साली अंदाजाने ठरवलेली मर्यादा दहा-पंधरा वर्षांनी अपुरी पडली तर त्यात लबाडीच असली पाहिजे असे मानणे अन्यायाचे होईल. शिवाय हिशेबाची तपासणी वर्ष संपल्यापासून दोन वर्षांत व्हावी असे करारात असताना सरकारी यंत्रणा ती वेळेत करीत नसेल आणि जुन्या नोंदी पुढे अनेक वर्षांनी उकरून काढत असेल, तर कोणताही व्यावसायिक वैतागेल. खर्च अमान्य करायचा तर तो होत असतानाच करावा. क्षेत्र आटत आल्यावर केलेली नामंजुरी म्हणजे वकिलांच्या उत्पन्नाची हमी!

या भांडणांना कंटाळून सरकारने २०१६ साली धोरणच बदलले. नव्या परवाना-धोरणात नफ्याच्या वाटणीऐवजी उत्पन्नाची वाटणी आली. रंगराजन समितीने २०१२ साली हीच दिशा सुचवली होती. म्हणजे खर्चाच्या वजावटीची तऱ्हा सोडून आपण खळ्यावर सरळ राशीचे भाग पाडू लागलो. कंपनीने किती खर्च केला याच्याशी सरकारला कर्तव्य नाही. यात सोय आहे यात शंका नाही. परंतु थोडा विचार करता असे दिसेल, की ज्या रकान्याची तपासणी आपल्याला जमली नाही तो रकानाच आपण वहीतून काढून टाकला. त्याची किंमतही आहे. सारी जोखीम कंपनीवर पडल्याने अवघड आणि खोल क्षेत्रांकडे येणारे कमी होतात. आणि वही तरी कुठे बंद झाली? रास किती झाली आणि ती कोणत्या भावाने विकली, हे दोन रकाने उरतातच. जुने करारही त्यांच्या मुदतीपर्यंत जुन्याच पद्धतीने चालू राहतात.

मुंबई हायच्या नव्या करारात तर तिसराच रकाना जन्माला आला आहे. वाढीव उत्पादनावर मोबदला द्यायचा म्हणजे, परदेशी कंपनी आली नसती तर किती उत्पादन झाले असते, याची एक आधाररेषा आखावी लागते. जे घडलेच नाही त्याचा हा आकडा आहे. घसरणीचा वेग थोडा अधिक धरला की आधाररेषा खाली येते आणि न वाढलेले तेलही ‘वाढीव’ ठरते. तो कमी धरला तर परिश्रम करणाऱ्या कंपनीवर अन्याय होतो. ही रेषा कोणत्या गृहीतांवर काढली आहे हे उघड्यावर मांडणे, हा दोन्ही पक्षांचे रक्षण करणारा उपाय आहे.

तानशाचे माप

वही दुसऱ्याच्या हाती असली की काय होते, हे पाहायला समुद्रावर जाण्याचीही गरज नाही. तानसा धरण १८९२ साली पुरे झाले, तेव्हापासून शहापूर तालुक्याचे पाणी मुंबईला जाते. त्यानंतर मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा अशी भर पडत गेली. तानसा तलाव १२८.६३ मीटरला भरून वाहतो, त्यात १४,५०८ कोटी लिटर पाणी मावते, हे पावसाळ्यात मुंबईची वृत्तपत्रे आकड्यांनिशी छापतात. सेंटिमीटरपर्यंत मोजले जाणारे हे पाणी आहे. त्याच तालुक्यातील आदिवासी पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते आणि त्या वाट पाहण्याचे माप मात्र त्या तक्त्यात नसते. कारण तक्ता शहराच्या गरजेसाठी तयार झाला. ज्यांची जमीन आणि नदी गेली ते त्या हिशेबात भागीदार म्हणून कधी नोंदलेच गेले नाहीत. मुरबाड तालुक्यात काळू धरणाचे काम वनखात्याच्या आवश्यक परवानगीविना सुरू झाले होते. ते २०१२ साली उच्च न्यायालयाने थांबवले, तेव्हाही मूळ प्रश्न हाच होता. कागद पुरे होण्याआधी यंत्रे कामाला लागली होती.

या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे हे खरे. तेलाच्या व्यवहारात सरकार बलाढ्य पक्ष आहे, पाड्यावरचा माणूस तसा नाही. पण तत्त्व एकच आहे. मोजमाप अचूक असणे पुरेसे नसते. ते कोणासाठी केले आणि कोणाला दिसते, यावर न्याय अवलंबून असतो. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुप्याला शेतकरी उठले, तेव्हा त्यांनी सावकारांचे रोखे आणि वह्या जाळल्या. त्यांचा राग वाचता न येणाऱ्या त्या कागदांवर होता. आजची वही जाळून प्रश्न सुटणार नाही आणि तशी गरजही नाही. ती वाचता आली पाहिजे.

त्यासाठी काही गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. नॉर्वेमध्ये प्रत्येक क्षेत्राचे महिनावार उत्पादन आणि प्रत्येक परवान्यातील भागीदारांचे वाटे सरकारी खाते जाहीर करते. तेथील राज्याचा स्वतःचा हिस्सा सांभाळायला २००१पासून पेटोरो ही छोटी कंपनी आहे आणि भागीदार म्हणून ती हिशेब तपासते. यामुळे तेथून तेल कंपन्या पळून गेल्या नाहीत. आपल्याकडेही क्षेत्रवार, महिनावार उत्पादन, मिळालेला भाव, वसूल झालेला खर्च आणि सरकारच्या पदरी पडलेला वाटा हे चार आकडे नियमितपणे, सामान्य माणसाला कळतील अशा भाषेत प्रसिद्ध व्हावेत. माहितीच्या अधिकाराच्या २००५च्या कायद्यात व्यापारी गुपितांना संरक्षण आहे. ते खोदकामाच्या तंत्राला जरूर असावे, राष्ट्राच्या वाट्याला नसावे. तेल व खनिजांच्या उत्पन्नात पारदर्शकता आणण्यासाठी या शतकाच्या आरंभी जो आंतरराष्ट्रीय उपक्रम सुरू झाला, त्यात नॉर्वेप्रमाणे नायजेरिया व इंडोनेशियाही सामील झाले. भारत मात्र त्याचा सदस्य नाही. याचा फेरविचार व्हावा.

दुसरे म्हणजे, हिशेब संगणकात आहेत याचा सरकारने लाभ घ्यावा. वह्यांचे गठ्ठे दोन वर्षांनी मागवण्याचे दिवस गेले. महासंचालनालयाला आणि महालेखापरीक्षकांना संयुक्त उपक्रमाच्या प्रणालीत नोंदी वाचण्याचा, त्यांत झालेले बदल पाहण्याचा अधिकार नव्या करारांतच लिहून घ्यावा, म्हणजे खर्चाचा आक्षेप त्या त्या महिन्यातच घेता येईल. त्यासाठी या प्रणाली आणि हा व्यवसाय दोन्ही जाणणारी सरकारची स्वतःची माणसे हवीत. सल्लागार पेढ्यांना काम देऊन हे भागणार नाही; कारण त्याच पेढ्या उद्या समोरच्या पक्षाच्याही सल्लागार असू शकतात.

येथे आपल्या महाविद्यालयांचाही संबंध येतो. शहापूर, मुरबाडसारख्या ठिकाणी वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या मुलामुलींना दुकानाच्या जमाखर्चापलीकडचा हिशेब क्वचितच शिकवला जातो. उत्पादन-वाटणी म्हणजे काय, संयुक्त उपक्रमात खर्च कसा वाटतात, मोजमापाचा आकडा आणि काढलेला आकडा यांत काय फरक, हे पदवीच्या वर्गात सहज शिकवता येईल. त्यांतील थोडे तेल कंपन्यांत नोकरीला लागतील, थोडे सरकारी लेखा-विभागात जातील. बाकीच्यांना ग्रामपंचायतीचा ताळेबंद, पाणीयोजनेचे मोजमाप-पुस्तक आणि धरणाच्या करारनाम्याची प्रत वाचता येईल. तोही लाभ लहान नाही.

गुंतवणूकदार बिचकतील हा आक्षेप नेहमीचा आहे. गुंतवणूकदार उघड्या हिशेबाला बिचकत नाही. वीस-वीस वर्षे चालणाऱ्या लवादांना बिचकतो. पन्ना-मुक्ताच्या करारात २५ वर्षांपैकी शेवटची ९ वर्षे भांडणात गेली. यात रिलायन्स, बीजी, ओएनजीसी किंवा सरकार यांपैकी कोणाचे हित झाले? जे प्रश्न पहिल्याच वर्षी वहीच्या पानावर सुटायचे, ते लंडनच्या न्यायकक्षात गेले. त्याचा खर्चही अखेर तेलातूनच, म्हणजे मालकाच्याच राशीतून निघाला.

मुंबई हायच्या नव्या करारातील पहिली दोन वर्षे ठराविक मोबदल्याची आहेत. वाढीव उत्पादनावरील हिश्शाची खरी वाटणी त्यानंतर सुरू होईल. आधाररेषा जाहीर करण्यास, तपासणीची व्यवस्था बसवण्यास आणि उत्पादनाचे आकडे लोकांसमोर मांडण्याची शिस्त लावण्यास हीच वेळ योग्य आहे. रास खळ्यावर पडल्यावर मापाबद्दल भांडण्यापेक्षा पायली आधी सर्वांना दाखवून घेणे केव्हाही शहाणपणाचे. या मागणीसाठी संसदेत आवाज उठायला हवाच; पण तो उठण्यापूर्वी ती मागणी शिक्षकांच्या, लेखनिकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या बोलण्यात आली पाहिजे.